गोधडीचा शेवटचा टाका

वसंत ऋतूत व्याख्यानाला उभे राहणाऱ्याने आंब्याच्या मोहराविषयी आणि कोकिळेविषयी बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले आणि शिक्षण युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापुढे झाले. तेव्हा आम्ही गोधडीविषयी बोललो तर श्रोत्यांनी राग मानू नये. शिवाय गोधडी ही खरोखरच या ऋतूतील वस्तू आहे. ती पांघरायची थंडीत, पण शिवायची चैत्र-वैशाखात. रब्बीची सुगी आटोपलेली असते, ऊन कडक असते, जुन्या वाकळा धुऊन टाकल्या तर खडखडीत वाळतात, आणि मृगाचा पाऊस येण्यापूर्वी नवी गोधडी हातावेगळी करावी, अशी खेड्यातील बायकांची धडपड चाललेली असते.

गोधडी होते कशी? प्रथम तळाला एक धड लुगडे अंथरतात. त्यावर जुनी धोतरे, लुगडी यांचे थर पसरतात; जेथे कापड विरलेले असेल तेथे चिंध्या लावून जाडी सारखी करतात. सर्वांत वर ठिगळे मांडून ती कच्च्या दोऱ्याने टाचतात. मग काठापासून धावदोरा सुरू होतो आणि एका चौकोनाच्या आत दुसरा, असा मध्यापर्यंत जातो. नवे कापड या कामी चालत नाही. पुष्कळदा धुतलेल्या सुताची खळ गेलेली असते, म्हणून ते अंगाला मऊ लागते. थरांच्या मध्ये हवा कोंडून राहते आणि तीच अंगाची ऊब धरून ठेवते. टाके जवळजवळ असल्यामुळे थर सरकत नाहीत, आणि एखादे ठिगळ फाटले तरी ती फाट पुढच्या टाक्याशी अडते. संघटनेचे तत्त्व तरी याहून काय निराळे आहे!

आता थोडे गणित करू. गोधडी सहा फूट लांब व चार फूट रुंद धरा. दोन ओळींत अर्ध्या इंचाचे अंतर ठेवले तर टाक्यांच्या सगळ्या ओळींची मिळून लांबी ५७६ फूट भरते. इंचाला चार टाके घातले तर एकूण टाके होतात २७,६४८. सराईत हाताने मिनिटाला वीस टाके पडतात असे मानले, तरी नुसत्या शिवणीला सुमारे २३ तास लागतात. म्हणजे आठ तासांचे जवळजवळ तीन दिवस! धुणे, फाडणे, जुळवणे, टाचणे हे सगळे निराळेच. गोधडीचे कापड फुकटचे असते, म्हणून गोधडीही फुकटची, असे आपण समजतो. कापड फुकटचे असेल, पण हे २३ तास कोणाचे होते?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकातून सुचला नाही. आमचे वडील मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यांत तेही होते. संप लांबला, वडील गावी परतले, आणि आमच्या आईने एका कारखानदाराकडून नगावर शिवणकाम आणावयास सुरुवात केली. सदऱ्यांना काजे-बटणे करावयाची आणि डझनावर पैसे घ्यावयाचे. घरचा स्वयंपाक, गुरे, पाणी हे सर्व आटोपून ती रात्री दिव्याशी बसे. स्वतःसाठी म्हणून तिने एक गोधडी मांडली होती. ती मात्र दर उन्हाळ्यात पुढच्या उन्हाळ्यावर जाई. चार वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या पेटीतून ती गोधडी निघाली तेव्हा काठाकडच्या ओळी पुऱ्या झालेल्या होत्या आणि मध्यभागी हातभर चौकोन नुसताच टाचलेला होता. आठ तासांच्या दिवसासाठी आम्ही कारखान्यांच्या दारांशी घसा कोरडा केला. परंतु घरात दिव्याशी बसलेल्या बाईचे तास मोजावेत, हे आम्हांला कधी सुचले नाही. हे येथे कबूल केलेले बरे.

या चैत्रात आम्ही ती गोधडी पुरी करावयास घेतली. आमच्या मंडळींनी सुई कशी धरावी ते दाखवले, आणि आमचे पहिले टाके पाहून विचारले, "अहो, हे टाके आहेत की मोर्चाची रांग?" आम्ही अंगणातच बसत असू. भिंतीशी तेलाच्या जुन्या डब्यांत मोगरा आहे. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीच्या शेंड्यांना धरतात. म्हणून हिवाळा सरता सरता आम्ही तो छाटतो, काही दिवस पाण्याचा ताण देतो, आणि मग खत-पाणी घातले की उन्हाळाभर फुले येतात. शेजारच्या आवारातील पांढऱ्या चाफ्याला तर अंगावर पान नसतानाच फुले लागली होती. ही झाडे तेथे वर्षानुवर्षे आहेत. आम्ही सभेला जाताना त्यांच्यावरून गेलो असू, पण बसून पाहिली ती याच वर्षी, कारण बसावयास वेळ मिळाला.

हा वेळ कोणी फुकट दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलेल्या लढ्यानंतर १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराचा आठवडा ४८ तासांत बांधला. परंतु जी बाई घरी बसून नगावर काम करते तिला भोंगा नाही, हजेरीपट नाही आणि रविवारही नाही. दर नगाचा ठरतो, तासांचा हिशेब कोणी विचारीत नाही. १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी एक करार संमत केला आणि त्यांनाही इतर मजुरांसारखीच वागणूक मिळावी, असे तत्त्व त्यात घातले. ते तत्त्व आपल्या गल्लीबोळांपर्यंत आणणे हे काम अजून उरले आहे.

शेवटी एक ऐकण्यासारखी गोष्ट सांगतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर या भागांत सिद्दी लोक राहतात. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या बायका चिंध्यांची कवंदी शिवतात, आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या ठिगळांची टोके लावतात. त्या टोकांना त्या 'फुला' म्हणतात. फुला नसतील तर कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. पांघरुणाला ऊब येण्यास कोपऱ्याच्या फुलाची गरज नाही, हे त्या बायकांनाही कळते; तरी त्या ते लावतात. गरिबाला पोटापलीकडचे काही नको असते असे म्हणणाऱ्यांनी ही चार टोके पाहावीत.

आम्हीही आईच्या गोधडीला चार फुले लावली. दोन तिच्या लुगड्याच्या काठाची, एक वडिलांच्या गिरणीतल्या सदऱ्याचे आणि एक मोर्चातील फाटक्या फलकाच्या लाल कापडाचे. शेवटचा टाका मंडळींनी घातला आणि दोरा दातांनी तोडला.

श्रोत्यांना एकच विनंती आहे. यापुढे प्रदर्शनात अथवा बाजारात गोधडीची घासाघीस करावयास तोंड उघडण्यापूर्वी हातभर जागेतले टाके मोजावेत, आणि मग भाव बोलावा.