आरसिंक आधी कोरडं चालवा

लॅबमध्ये डेस्कटॉप, खोलीवर लॅपटॉप आणि दोन्हींवर लिनक्स, असं तुमचंही असेल तर हे वाचाच. दुसऱ्या वर्षी मी खोलीवर बसून तीन दिवस एक प्रकरण दुरुस्त केलं आणि लॅबमध्ये येऊन सवयीने आरसिंक चालवलं, डेस्कटॉपकडून लॅपटॉपकडे. जुनी फाइल नव्या फाइलवर जाऊन बसली. तीन दिवस पाण्यात!

चूक आरसिंकची नव्हती. 1996 साली आलेलं हे साधन एकाच दिशेने काम करतं. फाइलचा आकार किंवा बदलाची वेळ वेगळी दिसली की मूळ प्रत पाठवायची, एवढंच त्याला माहीत. समोरची फाइल जास्त नवी आहे का, हे ते आपणहून बघत नाही. त्यासाठी 'अपडेट' पर्याय द्यावा लागतो. 'डिलीट' दिलात तर मुळात नसलेल्या फाइली तिकडूनही पुसल्या जातात. म्हणून आधी 'ड्राय रन' करा. काय होणार ते नुसतं दिसतं, होत काहीच नाही.

दोन्हीकडे लिहीत असाल तर युनिसन घ्या. मागच्या वेळी फाइली कशा होत्या याची नोंद ते ठेवतं, त्यामुळे बदल कुठे झालाय ते त्याला कळतं. दोन्हीकडे झाला असेल तर तुम्हाला विचारतं.

मेलला हे काहीच नको. पॉपऐवजी आयमॅप लावा. मेल सर्व्हरवरच राहतात, दोन्हीकडे सारखे दिसतात.

आणि हो, युनिसन म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे पुसलेली फाइल पुढच्या फेरीत तिकडूनही जाते. माझा प्रबंध दर रविवारी वेगळ्या डिस्कवर जातो, आरसिंकनेच.