केंटकीतला कामाचा दिवस : बर्बनची चव कुठे ठरते

दुकानात बर्बनच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. रंगाने सगळ्या जवळपास सारख्या, पण चवीला फार वेगळ्या. हा वेगळेपणा कुठून येतो ते समजून घ्यायचं तर केंटकीतल्या डिस्टिलरीचा एक दिवस पाहावा. बार्ड्सटाउन, लॉरेन्सबर्ग, लोरेटो या गावांकडे हा दिनक्रम थोड्याफार फरकाने असाच असतो.

सकाळी ६
मक्याचे ट्रक येतात. मालाचा नमुना काढून ओलावा मोजला जातो, दाणे गरम करून हुंगले जातात. कुबट वास आला तर ट्रक परत. कायद्याने बर्बनमध्ये मका किमान ५१ टक्के हवा. शैलीचा पहिला फाटा फुटतो तो उरलेल्या धान्यात. बहुतेक डिस्टिलऱ्या राय घालतात. त्यातून मिरी-लवंगेच्या अंगाचा तिखटपणा येतो. फोर रोझेसच्या एका मिश्रणात राय ३५ टक्के आहे. मेकर्स मार्कमध्ये रायऐवजी १६ टक्के गहू असतो, म्हणून ती मऊ आणि गोडसर लागते. सोबत मोड आणलेले जव दोन्हीकडे असतात, कारण पिष्टाची साखर करणारी विकरं त्यांच्यातून मिळतात.

सकाळी ७.३०
मका उकळत्याच्या जवळपास शिजतो. तापमान उतरलं की राय किंवा गहू पडतो, आणि आणखी उतरल्यावर जव. पाणी इथल्या चुनखडीतून झिरपलेलं असतं. त्यात कॅल्शियम असतं, लोह जवळजवळ नसतं; लोह असेल तर व्हिस्की काळवंडते. आधीच्या गाळणीतून उरलेलं आंबट पाणीही या लगद्यात मिसळतात. त्याने आम्लता योग्य राहते आणि नको ते जिवाणू आवरले जातात. ही ‘सावर मॅश’ पद्धत एकोणिसाव्या शतकात डॉ. जेम्स क्रो यांनी शिस्तीत बसवली. लेबलवर हे शब्द दिसले म्हणून व्हिस्की आंबट असेल असं समजू नये.

सकाळी ९
आंबवण्याच्या टाक्यांची फेरी. लगदा इथे तीन ते पाच दिवस असतो. पहिल्या दिवशी तो गोड लागतो, शेवटी आंबट. फळांचे, फुलांचे वास यीस्टमुळे तयार होतात. फोर रोझेस दोन धान्यमिश्रणं आणि पाच यीस्ट वापरून दहा वेगवेगळ्या बर्बन बनवते. धान्य तेच, यीस्ट बदललं की वास बदलतो. बर्बन पिणाऱ्यांनी याकडे जितकं लक्ष द्यायला हवं तितकं दिलं जात नाही.

सकाळी १०.३०
उंच स्तंभातून वाफ वर चढते, लगदा खाली उतरतो. तांबं गंधकाचे वास धरून ठेवतं. बाहेर पडणारं पाण्यासारखं स्वच्छ मद्य म्हणजे ‘व्हाइट डॉग’. ते तळहातांवर चोळून हुंगलं की आधी मकाच जाणवतो. गाळताना मद्यार्क ८० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. ही मर्यादा महत्त्वाची आहे, कारण फार वर नेलं की धान्याचा गुण निघून जातो.

दुपारी १२
पिंपं भरली जातात. ओकची, कोरी, आतून जाळलेली. एकात सुमारे २०० लिटर. भरताना मद्यार्क ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. जळालेल्या थराखाली लाकडातली साखर करपून तांबूस झालेली असते. कॅरॅमल, व्हॅनिला आणि रंग या लाकडातूनच येतो. स्ट्रेट बर्बनमध्ये वरून रंग किंवा स्वाद घालायला मनाई आहे.

दुपारी २
गोदाम. उन्हाळ्यात वरचे मजले तापतात, मद्य लाकडात शिरतं. थंडीत ते मागे येतं. वरची पिंपं लवकर पिकतात, लाकडाने भारतात, त्यांचा मद्यार्कही चढतो. खालची सावकाश पिकतात. म्हणून एकाच दिवशी भरलेली दोन पिंपं सारखी नसतात, आणि जास्त वर्षांची बर्बन नेहमी चांगली असंही नसतं. अति मुरली की ती कडवट, तुरट होते.

दुपारी ४
चाखण्याची खोली. नमुने पाणी घालून बरेच सौम्य केले जातात, म्हणजे दोष झाकले जात नाहीत. चाखून थुंकायचं असतं. कुठलं पिंप कुठल्या बाटलीत जाणार ते इथे ठरतं. ‘सिंगल बॅरल’ म्हणजे एकाच पिंपातली. ‘बॅरल प्रूफ’ म्हणजे पिंपातल्याच ताकदीची. ‘बॉटल्ड इन बाँड’ला १८९७ च्या कायद्याचा आधार आहे: एकच डिस्टिलरी, एकच हंगाम, किमान चार वर्षं, मद्यार्क ५० टक्के. ‘स्मॉल बॅच’ला मात्र कायद्यात व्याख्याच नाही.

संध्याकाळी ५.३०
रिकामी पिंपं ट्रकवर चढतात. बर्बनला पिंप दर वेळी नवंच लागतं, म्हणून जुनी स्कॉटलंडला जातात. गोव्यातल्या पॉल जॉनची सिंगल माल्टही बर्बनच्या जुन्या पिंपांत मुरते.

रात्री ८
आता ग्लास आपल्या हातात. तोंडाशी निमुळता ग्लास घ्या, ओठ किंचित उघडे ठेवून हुंगा. जिम बीमचे नातू बुकर नो घोट तोंडात घोळवून चावल्यासारखा करत. तसंच करा, म्हणजे तो सगळ्या जिभेला लागतो. मग पाण्याचे दोन थेंब टाकून पुन्हा चाखा. सुरुवात गव्हाची एक आणि भरपूर रायची एक, अशा शक्यतो सारख्याच ताकदीच्या दोन बर्बन शेजारी ठेवून करावी. किंमत आणि वय नंतर बघा. आधी धान्य, ताकद आणि ‘बॉटल्ड इन बाँड’ हे शब्द शोधा. थोडी घ्या, सावकाश घ्या आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या.