पेट्राला जाताय? खजिन्याआधी पन्हळ बघा

आजच्या भागाचं हे लिखित रूप, ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी.

जॉर्डन म्हटलं की चार नावं येतात: पेट्रा, वादी रम, जेराश आणि मृत समुद्र. आज बोलू फक्त पेट्रावर, कारण तिथं फिरताना मला सारखं आमचं देवगाव रंगारी आठवत होतं.

पेट्रा ही नबाती लोकांची राजधानी. धूप आणि मसाल्यांचे उंटांचे तांडे इथून जायचे, त्यातून हे शहर श्रीमंत झालं. आत जायला ‘सीक’ नावाची सुमारे 1.2 किलोमीटरची अरुंद घळ आहे. ती संपते आणि समोर एकदम ‘खजिना’ उभा राहतो, साधारण 40 मीटर उंच. नाव खजिना, पण बहुतेक ते राजघराण्याचं थडगं असावं. आपल्या वेरूळच्या कैलासासारखाच तोही वरून खाली कोरलाय. फरक एवढाच, की तिथं डोंगराला दर्शनी भाग आणि आत काही खोल्या कोरल्यात; कैलास म्हणजे डोंगरातून अख्खं देऊळ मोकळं केलंय.

सगळे खजिन्याचे फोटो काढतात. मी मात्र सीकच्या भिंतीतल्या पन्हळीपाशी अडकलो.

बघा, तिथं वर्षाला पाऊस जेमतेम 150 मिलिमीटर. मग हजारो माणसं जगली कशी? त्यांनी तीन कामं केली.

एक, पूर वळवला. सीकच्या तोंडाशी बांध घातला आणि डोंगरात बोगदा खोदून पाणी दुसरीकडं काढलं. ही व्यवस्था पुढं मोडली. 1963 साली सीकमध्ये अचानक लोंढा आला आणि वीसहून जास्त फ्रेंच पर्यटक गेले. त्यानंतर बांध नव्यानं बांधला.

दोन, झऱ्याचं पाणी आणलं. घळीच्या एका बाजूला कोरलेली पन्हळ, दुसऱ्या बाजूला भाजलेल्या मातीचे पाइप. पंप नाही, नुसता उतार. मध्ये गाळ बसायला छोटे खड्डे.

तीन, पाणी साठवलं. कातळात टाकी खोदली आणि झिरपू नये म्हणून आतून गिलावा केला.

आता आपल्याकडं या. आपल्या जिल्ह्यात पाऊस पेट्राच्या कितीतरी पट. तरी उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं आपल्याला नवीन नाही. तुलना अगदी सरळ नाही, हे मान्य. आपल्याकडं माणसं, जनावरं, शेती जास्त, आणि खालचा काळा कातळ पाणी फार मुरू देत नाही. पण ही विद्या आपल्याला परकी नव्हती. सतराव्या शतकात मलिक अंबरनं जमिनीखालून, फक्त उतारावर, शहरात पाणी आणलं. तीच नहर-ए-अंबरी. देवगिरीवरचा हत्ती हौद तर तुम्ही पाहिलाच असेल.

म्हणजे कमी पडला तो नुसता पाऊस नाही. बांधलेलं सांभाळायची सवयही कमी पडली. 1963 चा पूर तेच सांगतो.

जाणार असाल तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. पावसाचा इशारा असेल तर सीकमध्ये शिरू नका.

आणि तिकीट काढण्याआधी एक काम करा. तुमच्या गावातली जुनी बारव किंवा आड कोणत्या अवस्थेत आहे, बघून या. फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू.