लोकगीतातले 'लोक' कोण?

लोकसाहित्याच्या तासाला मी विद्यार्थ्यांना घरची, वस्तीवरची गाणी लिहून आणायला सांगतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून आलेली ही मुले-मुली जात्यावरच्या ओव्या आणतात, भुलाबाईची गाणी आणतात. 14 एप्रिलला वस्तीत रात्रभर गायिली जाणारी भीमगीते मात्र वहीत नसतात. विचारले तर उत्तर येते, "सर, ते लोकगीत थोडंच आहे?" हे त्यांना कुणी शिकवले?

'लोकगीत' ही कल्पना जिथे रुजली, त्या जर्मनीकडे पाहू. हेर्डरने 1778-79 मध्ये लोकगीतांचा संग्रह काढला, तेव्हा जर्मनी अनेक संस्थानांत विभागलेला होता आणि दरबारांत फ्रेंच भाषेचा तोरा होता. राष्ट्राचा प्राण सामान्यांच्या गाण्यात आहे, हे म्हणणे त्या काळी क्रांतिकारक होते. पण त्याच हेर्डरने बजावले की, लोक म्हणजे गल्लीतली झुंड नव्हे. ती गात नाही, ओरडते. पुढे आर्निम आणि ब्रेंटानो यांनी 1805 ते 1808 या काळात गाजलेला गीतसंग्रह प्रसिद्ध केला. त्यातली पुष्कळ गाणी त्यांनी आपल्या रुचीप्रमाणे बदलली. याच आर्निमने 1811 मध्ये बर्लिनमध्ये एक मंडळ स्थापले. त्यात ज्यूंना, अगदी ख्रिस्ती झालेल्या ज्यूंनाही, प्रवेश नव्हता. गाणी गोळा करणारेच राष्ट्रात कोण आणि राष्ट्राबाहेर कोण, हे ठरवीत होते.

आपल्याकडे हीच चाळणी वेगळ्या नावाने लागते. लोकगीत निनावी असावे, जुने असावे, प्रचारकी नसावे! आंबेडकरी जलसा या तिन्ही अटींत नापास होतो. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचीच ढोलकी उचलली. पण शृंगार बाजूला सारून महाडचा आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह, शिक्षण, व्यसनमुक्ती हे विषय लोकांपुढे मांडले. वामनदादा कर्डक (1922-2004) गाण्याच्या शेवटी आपले नाव गुंफीत. नाव आहे म्हणून गाणे लोकांचे नाही, असे म्हणायचे असेल तर 'तुका म्हणे'चे काय करायचे?

आणि ज्या ओवीला सारे निर्विवाद लोकगीत मानतात, तिच्यात तरी काय आहे? गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. जात्यावर बसलेल्या बाईने परंपरा आणि चळवळ अशी वाटणी केली नव्हती. ती वाटणी पुस्तकांनी केली.

म्हणून नोंदीचे काम आपणच हाती घेतले पाहिजे. गाणे जसे गायिले तसे, आपल्या वऱ्हाडी बोलीसकट उतरवावे. शुद्ध करू नये. खाली रचणाऱ्याचे, गाणाऱ्याचे आणि गावाचे नाव लिहावे. आपली माणसे शतकानुशतके निनावी राहिली. त्यांची गाणी तरी निनावी राहू नयेत.