हृदयरुग्ण, परिचारिका आणि मिनिटांचा हिशेब

करमाळ्याहून सोलापूरचे अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक आहे. सांगोल्याहून निघालेल्या रुग्णाचेही दीड-दोन तास वाटेतच मोडतात. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाचा स्नायू मात्र मिनिटामिनिटाने मरत असतो. रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या एक-दोन तासांत दिल्यास सर्वाधिक लाभ होतो. बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग उरत नाही. यांपैकी टेनेक्टेप्लेज हे औषध तर रुग्णाच्या वजनानुसार एकाच इंजेक्शनात देता येते. शिरेत सुई घालण्याचे कौशल्य ग्रामीण रुग्णालयातील परिचारिकेला नवे नाही. अडते ते औषध द्यावे की न द्यावे, हे ठरविण्यापाशी.

हा निर्णय डॉक्टरांखेरीज कोणी घेऊ नये, ही समजूत जुनी खरी. पण ती यापूर्वीही मोडली गेली आहे. १९६२ च्या सुमारास कॅन्सस सिटीत डॉ. ह्यूज डे यांनी आणि फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्टझर यांनी हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडले. लय बिघडून हृदय नुसते थरथरू लागले, की मेंदूला इजा पोहोचण्यास चार-पाच मिनिटे पुरतात. तेवढ्यात डॉक्टर जिना उतरून येईलच, याची शाश्वती कोण देणार? खाटेशी चोवीस तास असते ती परिचारिका. म्हणून मेल्टझर यांच्या सहकारी परिचारिका रोझ पिनिओ यांच्या साहाय्याने तेथील परिचारिकांना पडद्यावरील आलेख वाचण्याचे आणि वेळ येताच विजेचा झटका देण्याचे शिक्षण मिळाले. तोवर हे काम डॉक्टरांचेच मानले जाई. पुढे ब्रिटनमध्ये प्रशिक्षित परिचारिका गुठळीविरोधी औषधही स्वतः सुरू करू लागल्या. दिल्लीत एम्स आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी २०१९ मध्ये मोटारसायकलवरून परिचारकांची जोडी रुग्णाच्या घरी धाडून, दूरच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तेथेच उपचार करण्याचा प्रयोग हाती घेतला.

महाराष्ट्राला यात नवल वाटण्याचे कारण नाही. करमाळ्याच्या शेजारच्याच जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांवर आरोग्याची जबाबदारी सोपविली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना नवजात अर्भकांना जंतुसंसर्गावरील इंजेक्शन देण्यास शिकविले. तेथील नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. मग तीन-चार वर्षे रुग्णशुश्रूषेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या परिचारिकेविषयीच एवढा संकोच का?

आक्षेप पोकळ नाही. या औषधाने शंभरातील सुमारे एका रुग्णाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. परंतु हा धोका डॉक्टरने सुई टोचली म्हणून टळत नाही. तो कमी होतो योग्य प्रश्न विचारल्याने. पूर्वी पक्षाघात झाला होता काय, नुकतीच शस्त्रक्रिया झाली काय, रक्तदाब किती, हे प्रश्न छापील कागदावरून विचारता येतात, आणि हृदयालेख क्षणात सोलापूरच्या तज्ज्ञाला फोनवर दिसू शकतो. तज्ज्ञाचा वेळ हा या व्यवहारातील सर्वांत दुर्मीळ माल आहे. तो आलेख वाचण्यात खर्च व्हावा, प्रवासात नव्हे, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पटेल.

खरा पेच निराळाच आहे. काम खालच्या पायरीवर सरकविताना वेतन आणि कायद्याचे संरक्षण वरच्याच पायरीवर ठेवण्याची सोय व्यवस्थेला फार आवडते. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागातील परिचारिकांसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. पदवी देणे स्वस्त असते, पद निर्माण करणे खर्चाचे. रात्रपाळीला एकटी असलेली, कदाचित कंत्राटी असलेली परिचारिका फोनवरील आदेशावर औषध देईल आणि दुर्दैवाने रुग्ण दगावला, तर संतप्त नातेवाइकांसमोर आणि पुढे न्यायालयात उभे कोणी राहायचे? तो आदेश कोणी, किती वाजता दिला याची लेखी नोंद, शासनाने उचललेला विमा आणि वाढीव जबाबदारीचा भत्ता, एवढ्या तीन गोष्टी शासननिर्णयात आधी याव्यात. प्रशिक्षणाचे वेळापत्रक त्यानंतर लावावे.