सुईच्या टोकाने जागी होणारी केसांची मुळे

कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकणारे आणि टाळूवर विरळ होत जाणारे पुरुषांचे केस हा बहुधा आनुवंशिकता आणि संप्रेरके यांचा संयुक्त परिणाम असतो. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात तयार होणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक केशकूपांवर, म्हणजे ज्या सूक्ष्म पिशवीतून केस उगवतो तिच्यावर परिणाम करते, आणि केसाच्या वाढीचा काळ प्रत्येक आवर्तनात आखूड होत जाऊन शेवटी जाड केसाच्या जागी बारीक लव उरते. औष्णिक वीजकेंद्र असलेल्या, गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्यात दिवसभर हेल्मेट घालणाऱ्या तरुण कामगाराला दोष हेल्मेटचा किंवा बोअरच्या पाण्याचा वाटणे स्वाभाविक असले, तरी या टकलाचे मूळ तेथे नाही. कूप आक्रसला तरी बराच काळ जिवंत राहतो, आणि बहुतेक उपचार या उरलेल्या जिवावरच उभे आहेत.

अशा कूपाला सुईने टोचून जागे करता येईल का, या प्रश्नाचे पहिले ठळक उत्तर महाराष्ट्रातूनच आले. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी 100 पुरुषांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. दोन्ही गटांनी मिनॉक्सिडिल या केसवाढीच्या औषधाचे 5 टक्के द्रावण दिवसातून दोनदा लावले, आणि एका गटाच्या टाळूवर आठवड्यातून एकदा 1.5 मिलिमीटर लांबीच्या सुयांचा रोलर, त्वचा किंचित लाल होईपर्यंत, उभा, आडवा आणि तिरपा फिरवण्यात आला. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 12 आठवड्यांनंतर ठरावीक जागेतील केसांच्या संख्येतील सरासरी वाढ सुया फिरवलेल्या गटात 91.4, तर केवळ औषध लावणाऱ्या गटात 22.2 इतकी भरली. गर्दीने भरलेल्या सार्वजनिक रुग्णालयात, साध्या हत्याराने झालेल्या या कामाची दखल जगभरच्या संशोधकांनी घेतली, ही अभिमानाची गोष्ट आहे.

सुईच्या जखमा इतक्या बारीक असतात की सहसा वण राहत नाही, तरीही शरीर त्यांना जखमच मानते: रक्तातील बिंबिका (प्लेटलेट्स) तेथे वाढीस चालना देणारी प्रथिने सोडतात, आणि कूपाच्या भिंतीतील मूलपेशींना, म्हणजे नव्या पेशींचा साठा जपणाऱ्या पेशींना, त्यामुळे पुन्हा कामाला लागण्याचा संकेत मिळतो, असे मानले जाते. छिद्रांतून औषध अधिक मुरते, हे दुसरे संभाव्य कारण होय. मात्र सुया फिरवलेल्या दिवशी मिनॉक्सिडिल न लावण्याचे पथ्य या अभ्यासात पाळले गेले होते, त्यामुळे सारे श्रेय मुरण्याला देता येत नाही. केवळ सुयांचा असा तिसरा गट नसल्याने कोणाचा वाटा किती, हे या आकड्यांवरून ठरत नाही. शिवाय केस मोजणाऱ्याला गट ठाऊक नसला तरी रुग्णाला तो ठाऊक होता, त्यामुळे ‘निम्म्याहून अधिक सुधारणा झाली’ या रुग्णांच्या स्वतःच्या मतापेक्षा मोजलेल्या केसांवर अधिक विसंबावे. बारा आठवडे हा काळही केसांच्या हिशेबाने अल्पच आहे, कारण एका केसाची वाढ कित्येक वर्षे चालते.

ऑनलाइन मिळणारा स्वस्त रोलर घरी किंवा सलूनमध्ये फिरवण्याचा मोह तिरोड्यातही होणारच. मात्र एकाच्या रक्ताचा अंश लागलेली सुई दुसऱ्याच्या टाळूवर गेल्यास काविळीसारखे रक्तातून पसरणारे आजार संक्रमित होऊ शकतात. बोथट किंवा वाकलेली सुई त्वचा टोचत नाही, फाडते. डोक्यावर पुरळ किंवा जंतुसंसर्ग असलेल्यांनी, जखमेवर फुगीर वण उठण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर हा उपचार वैद्यकीय सल्ल्याशिवाय करूच नये. असा सल्ला घेण्यासाठी जिल्ह्यातच, गोंदियात, 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केस गळण्याचे कारण खरोखर आनुवंशिक आहे की थायरॉइड, रक्तक्षय किंवा नुकताच येऊन गेलेला ताप, हे त्वचारोगतज्ज्ञाकडून आधी ठरवून घेणे आवश्यक आहे, कारण या इतर कारणांनी गळणाऱ्या केसांवरचा उपचार वेगळा असतो.