राजाचा घोडा आणि त्याचा मोतद्दार

दरबारी चित्र समोर आले की आपली दृष्टी प्रथम राजाला शोधते. परंतु लाहोरच्या शीख दरबाराच्या काळातील काही चित्रांत राजा मुळी नसतोच. असतो तो त्याचा घोडा, आणि लगाम धरून उभा असलेला मोतद्दार. पंजाबात त्याला साईस म्हणतात. राजा नसूनही हे चित्र राजाचेच कसे, हे समजून घेण्यासारखे आहे.

आवडत्या घोड्याचे स्वतंत्र चित्र काढवून घेण्याची चाल मोगल बादशहांच्या काळीच रूढ झाली होती. पुढे ती डोंगरी संस्थानांतील चित्रशाळांत उतरली. महाराजा रणजितसिंगांनी १७९९ साली लाहोर घेतले आणि १८०९ साली कांगड्याचा किल्ला. त्यानंतर त्या बाजूच्या काही चित्रकारांना शीख दरबाराचा आश्रय मिळाला व ही परंपराही त्यांच्याबरोबर आली.

अशा चित्रात घोडा बहुधा एका अंगाने दाखवितात. मानेचा बाक, भरदार छाती व पायांची ठेवण त्यामुळे एका दृष्टिक्षेपात कळते. मागची जागा जवळजवळ मोकळी सोडलेली असते. पायांना व शेपटीला कधी मेंदीचा रंग, डोक्यावर तुरा, पाठीवर जरीचे खोगीर. खोगीर रिकामे असते, आणि त्यातच चित्राचा अर्थ आहे. तेथे बसण्याचा अधिकार कोणाचा, हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

रणजितसिंगांचे अश्वप्रेम सर्वश्रुत होते. पेशावरच्या बारकझाई सरदारांकडे लैली नावाचा नामांकित घोडा होता. तो मिळविण्यासाठी महाराजांनी वर्षानुवर्षे खटपट केली, फौजा पाठविल्या. अखेरीस सेनापती व्हेंतुरा याने तो मिळविला. १८३६ साली लाहोरास आलेल्या ह्यूगेल या ऑस्ट्रियन प्रवाशाला स्वतः महाराजांनी सांगितले की, या घोड्यापायी साठ लाख रुपये आणि बारा हजार माणसे खर्ची पडली. आकडा फुगविलेला असेलही. पण तो अभिमानाने सांगण्यात आला, हे ध्यानात घेतले पाहिजे. घोडा हे केवळ वाहन नव्हते. दुसऱ्याने नाकारलेली वस्तू आपण मिळविली, याची ती जिवंत साक्ष होती.

आता मोतद्दाराकडे वळू. घोड्याला खरारा करावयाचा, चंदी चारावयाची, पाय शेकावयाचे, रात्री तबेल्यातच निजावयाचे, हे त्याचे आयुष्य. राजा खोगिरावर घटकाभर बसे. घोडा ओळखी तो याच्या हाताला. लैलीचे नाव प्रवाशांनी लिहून ठेवले. मोतद्दारांची नावे लिहिण्याची गरज सहसा कोणास वाटली नाही. त्या बारा हजारांचीही गत तीच.

चित्रकाराने मात्र त्याला वगळले नाही. घोडा किती उंच, किती तेजस्वी, हे दाखविण्यास माणसाचे माप शेजारी हवेच होते. निमित्त मापाचे असेल. पण त्यामुळे त्याचा चेहरा, फेटा व लगामावरची घट्ट मूठ कागदावर आली. १८३९ साली महाराज निवर्तले, १८४९ साली राज्यही इंग्रजांनी खालसा केले. असे चित्र पुन्हा पाहण्याचा योग आला, तर घोड्याची शोभा पाहून झाल्यावर त्या मुठीकडेही क्षणभर पाहावे.